दादांनी न दिलेली हाक

वॉर्डबॉयने स्ट्रेचर लिफ्टमध्ये ढकललं तेव्हा मेस्त्री बटणांच्या पाटीशी उभा होता. इस्पितळाची ही लिफ्ट त्याने सकाळीच दुरुस्त केली होती आणि आता तो ती वर-खाली करून तपासत होता. त्याने सवयीने विचारलं, "कितवा मजला?" आणि स्ट्रेचरवर नजर जाताच बटणाकडे नेलेलं बोट तसंच राहिलं.

दादा होते. नाकाला ऑक्सिजनची नळी, गालफडं आत गेलेली, डोळे मात्र तेच. त्यांनीही ओळखलं. चार मजले दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. वर पोचल्यावर वॉर्डबॉय जाता जाता म्हणाला, म्हाताऱ्याचं काही खरं नाही, आज-उद्याचंच काय ते.

मेस्त्रीने हत्यारांची पिशवी तिथेच भिंतीशी ठेवली आणि तो जिन्यात जाऊन बसला.

लिफ्टचं सगळं काम तो दादांच्या हाताखाली शिकला होता. बारा वर्षांपूर्वी एका कचेरीत तिघं कामावर होते. दादा तळमजल्यावर, दादांचा मेहुणा लिफ्टच्या टपावर आणि मेस्त्री वर मशीनच्या खोलीत. दादांची हाक आल्याशिवाय मेन स्विच चालू करायचा नाही, एवढा एकच नियम होता. त्या दिवशी मेस्त्रीला घरी जायची घाई होती. हाक आली नव्हती, तरी त्याने स्विच चालू केला. लिफ्ट सुरू झाली आणि टपावरचा मेहुणा जागच्या जागी गेला.

चौकशीत मेस्त्रीने सांगितलं की दादांनी हाक दिली होती. दादा नाही म्हणाले, पण त्यांच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. त्यांचं लायसन्स गेलं. भावाचा जीव घेणाऱ्याच्या घरात मी राहणार नाही, असं म्हणून बायको मुलीला घेऊन निघून गेली. चार वर्षांपूर्वी ती वारली, तीही हेच मनात धरून.

मेस्त्री एकही रविवार चुकवत नसे. उपासनेत डोळे मिटले की त्याची एकच प्रार्थना असे: प्रभू, सांगतो, नक्की सांगतो, फक्त आज नको.

जिन्यातूनच त्याने बायकोला फोन लावला. तिला सगळं ठाऊक होतं. तिच्यापाशी त्याने केव्हाच कबूल केलं होतं. ती म्हणाली, "निवृत्तीला दोन महिने राहिलेत. बारा वर्षं थांबला ना देव? अजून दोन महिने नाही का थांबणार?"

तिचं त्याला पटलं, आणि पटलं याचीच भीती वाटली. तो तसाच समोरच्या चर्चमध्ये गेला. पाळक शिडीवर चढून खिडकीची काच पुसत होते. मेस्त्रीने खालूनच सगळं सांगून टाकलं, अगदी बायकोचा प्रश्नसुद्धा. पाळक खाली उतरले, पण त्याच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे आले नाहीत.

"देव किती थांबतो ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "पुष्कळ थांबतो, एवढं पाहिलंय. पण तो थांबलाय तो तू उठावंस म्हणून. तू त्या थांबण्यावरच पथारी पसरलीस. आणि ज्यांचं नुकसान केलंस ती माणसं आहेत. ती मरतात. दादांची बायको तर मेलीच."

चौथ्या मजल्यावर दादा उशीला टेकून बसले होते. मेस्त्री खाटेशी उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "दादा, तुम्ही हाक दिली नव्हती. मी खोटं बोललो. मला माफ करा."

दादांना बोलायला दम पुरत नव्हता. "दोन वर्षं तुझी वाट बघितली. मग देवाला म्हटलं, आता याचं तूच बघ, माझ्याच्यानं होत नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "माफीचं नंतर बघू. आधी पोरीला सांग. माझ्यात जीव आहे तोवर."

मुलगी शाळेत शिकवत होती. मेस्त्री पोचला तेव्हा ती शिक्षकांच्या खोलीत एकटीच वह्या तपासत बसली होती. काका आज इकडे कसे, असं विचारत तिने खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, दादा इस्पितळात शेवटच्या घटका मोजताहेत हेही. सांगताना आपलाच आवाज त्याला परका वाटत होता.

तिने लाल पेनाला टोपण लावलं.

"आई गेली तेव्हा तुम्ही आला होतात," ती म्हणाली. "माझ्या डोक्यावर हात ठेवला होतात."

"हो."

"तेव्हाही बोलला नाहीत."

तिने पर्स उचलली. टॅक्सीत ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. वाटेत चारदा घड्याळ पाहिलं. वॉर्डच्या दारात मात्र ती थबकली. दादांचे डोळे मिटलेले होते. जवळ जाऊन पाहिलं तर छाती हलत होती.

"काका, मला सांगितलंत ते इथे सांगा," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."

मेस्त्रीने सांगितलं. आजूबाजूचे रोगी, त्यांचे नातेवाईक, औषधांची ट्रॉली घेऊन आलेली नर्स, सगळे ऐकत राहिले. दादांनी डोळे उघडले, ते मुलीकडे पाहण्यासाठी. ती खाटेच्या कडेला बसली, त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "बाबा."

मेस्त्री बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी लिफ्ट तपासणीच्या कचेरीत त्याने सगळं लिहून दिलं, सही केली आणि आपलं लायसन्स टेबलावर ठेवलं. साहेबांनी दोनदा विचारलं, नीट विचार केलाय ना? त्याने मान हलवली. त्या संध्याकाळी बायकोने ताट वाढलं आणि ती पहिल्यांदाच त्याच्यासमोर रडली.

दादा सहा दिवस जगले. सहाही दिवस मुलगी त्यांच्याजवळ होती. मेस्त्री रोज वॉर्डच्या बाहेर बाकावर येऊन बसे. त्याला आत कुणी बोलावलं नाही. माफीचं राहून गेलं.

दफनाला मोजकीच माणसं होती. शवपेटी उचलायला तिघं पुढे झाले. चौथ्या कोपऱ्याशी कुणी नव्हतं. मेस्त्रीच्या मनात होतं ते त्याच्या तोंडावर दिसलं असावं. मुलगी त्याच्याजवळ आली.

"तुम्ही हात नका लावू," ती हळू आवाजात म्हणाली. "पण मागून या."

चौथा कोपरा तिने स्वतः उचलला. मेस्त्रीने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि सगळे पुढे जाईपर्यंत थांबून तो मागून चालू लागला.