बडी ईद आणि माझी सवत

मी कुबडी बोलतेय. भिवंडीतल्या नारपोलीच्या मनोज सुताराने भंगारात निघालेल्या मागाच्या लाकडातून मला घडवलं. डोक्यावर चिंध्यांची गादी बांधली ती इमादच्या बायकोने, नूरीने.

इमाद उत्तरेतल्या बस्ती जिल्ह्याकडचा. दापोड्याच्या गोडाऊनमध्ये माल उतरवताना थप्पी कोसळली आणि त्याचा उजवा पाय गेला. तेव्हापासून तो माझा. बाजारात, दवाखान्यात, मशिदीच्या पायऱ्यांवर, सगळीकडे मी. एवढा भार सोसला, पण या बाबाचं लक्ष कुठे? मोबाइलमधल्या नकली पायाच्या फोटोकडे. गुळगुळीत, बूटबिट घातलेला. नूरीला दाखवायचा, "भरपाई मिली तो यही लेंगे." माझा नुसता जळफळाट व्हायचा. पाय पुल्लिंगी असेल, माझ्या लेखी ती सवतच.

गोडाऊनवाला म्हणाला, "हा आमचा मानूसच न्हाय." खालच्या कोर्टात भरपाईचा दावा फेटाळला गेला. खरं सांगते, मला बरं वाटलं.

इमादच्या वकील वैशाली मॅडम म्हणाल्या, "हायकोर्टात अपील करू. गाँव जाके आओ, बडी ईद के बाद सही करने आना."

इमाद आला तो बकरीद करून. मॅडमनी कपाळाला हात लावला. त्यांची बडी ईद रमजानची, भिवंडीचा बाजार फुलतो ती. इमादच्या मुलुखात बडी ईद म्हणजे बकरीद, ती येते त्यानंतर दोन महिन्यांनी. मध्ये मॅडमनी फोन केले, तर गावात रेंज नाही. अपिलाची मुदत केव्हाच उलटली होती. म्हटलं, चला, पीडा टळली.

हायकोर्टात गोडाऊनवाल्याचा वकील म्हणाला, "उशीर झालाय, अपील घेऊच नये."

जजसाहेबांनी इमादला विचारलं, "इतने दिन क्या कर रहे थे?"

"साब, ईद की राह देख रहा था."

मागे कोणीतरी हसलं. वैशाली मॅडम उठल्या. "चूक माझी आहे. मी बडी ईद म्हटलं, कोणती ते सांगितलं नाही. यांनी माझा शब्द पाळला."

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "उशीर माफ. अपील ऐकू."

इमादला दोन्ही हात जोडायचे होते, म्हणून त्याने मला सोडलं. मी फरशीवर आपटले. शिपाई खेकसला. इमाद एका पायावर उभा, रडत होता. माझ्याकडे बघितलंही नाही मेल्याने. तोल जायला लागला तेव्हा मात्र हात मलाच शोधू लागला. मॅडमनी मला उचलून दिलं.

निकाल अजून लागायचाय. तुझ्या बाजूने लागो, इमाद. येऊ दे तो पाय. पण मला चुलीत घालू नकोस, खाटेपाशी ठेव. त्याला म्हणे झोपताना काढून ठेवावं लागतं. रात्री तहान लागली तर उठशील कोणाच्या आधाराने?