रविवारी दोरीवर राहिलेले कपडे

शनिवारी संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढायला म्हणून मी घाईघाईनं बाहेर पडले आणि ओल्या दगडावरून घसरले. कमरेत काहीतरी कडकन मोडलं. तेव्हापासून मी इथंच, जळणासाठी रचलेल्या पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटांआड पडून आहे. रस्त्यावरून मी कुणाला दिसत नाही. कपडे मात्र दिसतात, चादरी, टॉवेल आणि माझे लोकरीचे आतले कपडेसुद्धा.

रात्र कशी काढली ते माझं मला ठाऊक. ओरडून ओरडून घसा बसला. आमच्या लुइस बेटावरचा वारा कुणाचं ऐकून घेतो? पण उजाडलं तसा जरा धीर आला, कारण आज रविवार. आमच्याकडे रविवार देवाचा, त्या दिवशी काम नाही की खेळ नाही; पोरं झोपाळ्यावर बसत नाहीत, बटाटेसुद्धा आदल्या दिवशीच सोलून ठेवतात. अशा गावात रविवारी दोरीवर कपडे दिसले, तर घरात काहीतरी विपरीत घडलंय हे न सांगता कळतं. चर्चला निघालेलं पहिलं माणूस धावत येईल, याची मला खात्री होती.

पहिली आली शेजारची इफी, नवऱ्याबरोबर. विटांच्या फटीतून मला तिची काळी हॅट दिसली. ती थबकली, तिनं कपड्यांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. वारा रस्त्याकडून माझ्याकडे येत होता, म्हणून तिचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं.

"पोहण्याच्या तलावानं भागलं नाही बाईचं," ती नवऱ्याला म्हणाली. "आता हे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला: कपडे मी मुद्दाम दोरीवर ठेवलेत, असं तिला वाटत होतं. पोहण्याचा तलाव रविवारीही उघडा ठेवावा म्हणून मी मागे गावच्या सभेत हात वर केला होता. पोरं पाण्यात डुंबली म्हणून देव बुडत नाही, असंही वर बोलून गेले. माझ्या जिभेला हाडच नाही. त्यानंतर चर्चमध्ये माझ्या बाकावर कुणी बसेना, म्हणून मीही जाणं सोडलं. म्हणजे आज मी दिसले नाही तरी कुणी चौकशी करणार नव्हतं.

इफीमागून सगळं गाव गेलं. सगळ्यांनी पाहिलं, सगळ्यांनी माना वळवल्या. एका आईनं तर पोराच्या डोळ्यांवर हात धरला. मला हसू आलं, आणि हसताना अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. मग चर्चमधून स्तोत्रं ऐकू येऊ लागली, मी जन्मभर गायलेली. पाय आता जाणवत नव्हते. मला फार भीती वाटत होती. देवा, कुणालातरी पाठव, एवढंच मी पुटपुटत होते.

आणि तोर्मोद आला. माझा थोरला भाऊ, चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक. सभेपासून माझ्याशी बोलला नव्हता. प्रार्थना संपवून एकटाच आला आणि फाटकाशी, कपड्यांकडे पाठ करून उभा राहिला.

"किर्स्टी, दार उघडू नकोस. मला आत यायचं नाही," तो बंद दाराकडे बघत म्हणाला. "गावात मला मान वर करता येत नाही. मी कपड्यांना हात लावणार नाही, आज वार कोणता ते मला कळतं. तूच काढ. आईची आठवण ठेवून तरी काढ."

"दादा," मी म्हटलं. नुसता श्वास निघाला.

हाताला गंजकी बादली लागली. दगड उचलला आणि जीव खाऊन तिच्यावर आपटला. पुन्हा आपटला. तोर्मोद दचकला. त्यानं ऐकलं होतं. सुटले, असं वाटून मला रडूच फुटलं.

"आज हातोडा घेऊन बसलीस?" तो म्हणाला. त्याचाही आवाज भरून आला होता. "मला ऐकवायला ठोकतेस?"

तुलाच, दादा, तुलाच ऐकवायला. मी आणखी जोरानं आपटलं. त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि तो उताराला लागला.