पोळ्याचा घास

पाच वाजता प्रवेशाची खिडकी बंद होणार होती आणि मी माझ्या भावाच्या त्या लाल गाडीत गुडघे छातीशी घेऊन बसले होते. यवतमाळच्या मेडिकल कॉलेजात मला सीट लागली होती, तिसऱ्या खेपेला परीक्षा देऊन. आज शेवटचा दिवस. स्वतः जाऊन मूळ कागद दाखवायचे, नाहीतर सीट पुढच्याला. एक दाखला अडला होता, तो काल संध्याकाळी हातात पडला. आणि आज बस आलीच नाही, कारण ती ज्या गावाहून येते तिथला नाला भरून वाहत होता. या पावसात मोटारसायकलवर निघाले असते तर गुणपत्रिकांचा लगदा झाला असता. या सीटसाठी बाबांनी उन्हाळ्यात बैलजोडी विकून मला नागपूरच्या क्लासला घातलं होतं, आणि तेव्हापासून ते अंगणात बसले तरी गोठ्याकडे पाठ करून बसतात.

राहता राहिली ही गाडी. पियुषदादाचं दारव्ह्यात खत-बियाण्यांचं दुकान आहे. चांगलं चाललेलं दुकान असताना माणसाला अवदसा आठवते ती अशी. पुण्याहून जुनी, दोन सीटांची स्पोर्ट्स कार आणली आणि गावात आमच्या दारात, उकिरड्याशेजारी उभी केली. हिचं पेट्रोलचं तोंडसुद्धा चारचौघींसारखं बाजूला नाही, मागच्या चाकावरच्या पत्र्यात आहे, आभाळाकडे आ वासून. झाकण उचललं की खाली वाटीसारखा खोलगट भाग, आणि त्यात फिरवून काढायचं टोपण. झाकणाच्या फटीतून पावसाचं पाणी वाटीत उतरतं आणि तळाच्या बारीक भोकातून, नळीवाटे, जमिनीवर गळून जातं. ते भोक बुजलं की पाणी टोपणाभोवती साचतं. मग टोपण उघडलं की सगळं टाकीत, आणि गाडी जागच्या जागी बंद. म्हणून दादा दर रविवारी त्या भोकात नायलॉनची दोरी घालून फिरवायचा. स्वतःचे कान त्याने कधी इतके मन लावून कोरले नसतील. झाकणाला हात लावायचा नाही, अशी घरात सगळ्यांना ताकीद होती.

"दादा, जरा जोरात."

"जोरात काय वं? खालून पत्रा घासून राह्यला. इथं बसली गाडी तं पायी जाशीन का?"

बोरीअरब मागे पडलं तेव्हा समोरचा पिवळा दिवा लागला. मी दादाकडे पाहिलं, तो दिव्याकडे पाहत नव्हता.

"पेट्रोल नाही?"

"लोहाऱ्याच्या अलीकडं पंप आहे."

"काल काहून नाही भरलं?"

"काल कोणाले ठाऊक होतं बस येणार नाही म्हणून?"

उत्तर बरोबर होतं, त्यामुळे माझा राग आणखी वाढला.

पंपावरचं छत उन्हाळ्यातल्या वादळात उडालेलं. पाऊस थेट अंगावर. पंपावरचा माणूस एका हाताने छत्री सावरत आला, झाकण उचललं आणि टोपणाला हात घातला.

"थांबा भाऊ. हात नोका लावू."

दादाचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी फाइल सीटखाली सरकवली आणि बाहेर आले. वाटी काठोकाठ भरलेली. टोपण पाण्याखाली, आणि त्या पाण्यावर तुपाचे पिवळे ठिपके तरंगत होते.

"साफ केलं होतं मी," दादा म्हणाला. "रविवारी साफ केलं होतं." तो तेच तेच म्हणत राहिला. साडेचार वाजून गेले होते.

मी ओढणी काढली आणि वाटीत कोंबली, पिळली, परत कोंबली. पाणी उतरलं तसा तळाला पिवळा चिखल दिसला. मी बोटाने उचलला. वेलदोडा. जायफळ. परवा पोळा झाला होता.

"पुरण आहे, दादा."

आमच्या घरात पुरणाला हात लावणारं माणूस एकच. त्या क्षणी मला आईचा इतका राग आला की ती समोर असती तर मी काय बोलले असते कोण जाणे.

"भाऊ, छत्री अशीच धरा. थेंब नको पडू द्या," मी म्हणाले. भोक मोकळं झाल्याशिवाय उपयोग नव्हता, पत्र्यावरचं पाणी खाचेतून परत परत वाटीत उतरत होतं. केसांतला आकडा काढला, सरळ केला.

"आत नोको ढकलू. नळीत गेलं तं मेलो," दादा म्हणाला.

म्हणून टोकाने थोडं थोडं उकरून बाहेर काढत गेले. तूप थिजलेलं, बोटं बधिर झालेली. आकडा दोनदा हातातून निसटला. मागे एका ट्रकवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. आणि मग वाटीतलं उरलेलं पाणी हळूच गोल फिरलं आणि खाली गेलं. चाकाजवळ पिवळी धार पडली. दादाने त्याच्या रुमालाने वाटी, टोपण, टोपणाची कड, सगळं कोरडं पुसलं आणि मगच टोपण फिरवलं.

कॉलेजात मी अनवाणी धावले, एक चप्पल गाडीतच राहिली होती. खिडकीतल्या बाईंनी कुलूप हातात घेतलेलं. माझ्याकडे, मग फाइलवरच्या तुपकट बोटांच्या ठशांकडे पाहिलं, आणि कुलूप खाली ठेवलं.

पावती हातात आल्यावर मी पायऱ्यांवर बसले आणि आईला फोन लावला. बोलायचं सगळं तयार होतं.

"आई, गाडीच्या तोंडात पुरणपोळी तू घातली?"

"हो. एकच घास." ती जराही कचरली नाही. "गोठ्यात कोणी नाही यंदा. पोळ्या केल्या, तूप लावलं, अन् ताट घेऊन जाऊ कुठी? हे गाडी दारात उभी होती. जिथून पेते तिथंच भरवला. म्हटलं, येळ आली तं माह्या पोरीले टायमावर पोचव." मग तिने विचारलं, "पोचवलं ना तिनं?"

मला रडू आलं.

"पोचवलं. सीट भेटली, आई."

पलीकडे ती बाबांना ओरडून सांगत होती. तिला परत फोनवर यायला वेळ लागला.

"पुढच्या पोळ्याले तो घास मले भरव," मी म्हणाले.

"तू का बैल हायेस?" आई हसली. मग तिचा आवाज बारीक झाला. "येशीन का पण पोळ्याले? शिकणाऱ्या पोरी कुठी येतात."

"येईन," मी म्हणाले. "बसनं येईन."