भुऱ्याचा दगड

कुत्रं हावऱ्यासारखं कसं खाते ते पाहाचं असंन तं आमच्या भुऱ्याले पाहा. ताट ठेवलं की गपगप गिळते अन् मंग अंगनभर ओकते. थंडीत तं जास्तच. माही भाची निलोफर, तिनं नागपूरहून प्लास्टिकचं खास भांडं धाडलं. आतमंदी उंचवटे, त्याच्यानं कुत्र्याले हळू खा लागते म्हने. भुऱ्यानं ते उंचवटेच चावून खाल्ले. स्टीलचं ताट आनलं, तं पहाटच्या गारठ्यात भाताचा थंडगार गोळा होये.

शेवटी मीच डोकं लावलं. मातीच्या कुंड्यात मधोमध नदीवरचा पेरूएवढा गोटा ठेवला अन् भवताल गरम शोरबा-भात. गोट्याभवती जीभ फिरवत भुऱ्या आरामात खाऊ लागला. खानं झालं की गोटा तोंडात धरून नेये अन् कुठंबी बसून चाटत राहे. मी साऱ्या मोहल्ल्यात सांगत फिरली, भांडं निवडावं तं या आयशाबीनं!

आमचं दिग्रसले फुटकळ कापसाचं काम. अंगनात काटा हाय, बाया गठोडे आनतात, मी तोलून घेते. बोंडअळीनं काही सालापासून कापसाची वाट लावली, जिनिंगवाले प्रत्येक मालाले नावं ठेवतात. मंग आमालेबी संशय घ्याची सवय लागली. कोनी कापसावर पानी मारते, कोनी वजनासाठी दगड घालते.

परवा चंदाबाई पहाटेच आली. शेवटच्या वेचनीचा फरदड कापूस होता. काट्यापाशी गठोड्याची गाठ सोडून ठेवली अन् चुलीपाशी शेकत बसली. उजाडल्यावर बाया जमल्या, बाजारातला व्यापारी घनश्यामबी चहा प्याले आला. मी गठोड्यात हात घातला तं दगड लागला. ओला, चिकट, कापसानं लपेटलेला. माही टाळकीच सरकली.

"काहून वं चंदाबाई, दगडबी अन् पानीबी? लाज नाई वाटत?"

"भाभी, मी कायले घालू? माही सासूबी तुमच्याच काट्यावर येत होती."

"मंग तिनंबी हेच केलं असंन!"

असं बोलाले नव्हतं पायजे. पन बोलली. दगड भिंतीकडे भिरकावला. चंदाबाईनं गठोडं बांधलं अन् निघून गेली.

दुपारी भुऱ्याले भात वाढला. त्यानं गपगप खाल्लं अन् ओकला. पाहते तं कुंड्यात गोटाच नाई.

"कुठं नेला रे तुहा गोटा?"

भुऱ्या उठला, भिंतीपाशी गेला अन् तोच कापूस चिकटलेला दगड उचलून आनला. या अल्ला! थंडीचा हा पहाटे सोडलेल्या गठोड्यात उबीले शिरला असंन, गोट्यासकट. ओल म्हनजे याची लाळ. अन् मी त्या बाईच्या मेलेल्या सासूलेबी चोर ठरवलं. लाजेनं माहं तोंड भाजल्यावानी झालं.

गोटा ओढनीत गुंडाळून मी तशीच बाजारात पळाली, चंदाबाई कापूस इकाले तिकडंच गेली असंन म्हनून. घनश्यामच्या दुकानापुढं चंदाबाई चादर अंथरून बसली होती. मूठ मूठ कापूस काढून, फाकवून, चादरीवर ठेवून राह्यली होती. घनश्याम खुर्चीत बसून दगड निघते का ते पाहत होता. भवताल लोक.

"अरे, हा दगड माह्या कुत्र्याचा हाय!" मी ओरडली. "त्याच्या कुंड्यातला! हिचा काही दोष नाई!"

घनश्याम हसला. "भाभी, कीव आली असंन तं तसं सांगा ना. कुत्र्याच्या जेवनात दगड कोन ठेवते?"

सारेच हसले. मी अल्लाची कसम खाल्ली, तरी हसले. मंग मी चंदाबाईपाशी खाली बसली.

"माही चुकी झाली चंदाबाई. बस कर आता. चाल घरी, मी घेते तुहा कापूस."

तिनं मान वर केली नाई.

"राहू द्या भाभी. त्यायले पाहू द्या."

अन् तिनं आनखी एक मूठ काढली. गठोड्याचा तळ दिसेपर्यंत मी तो गोटा हातात धरून तिथंच बसून राह्यली.