प्रणीतची लाल बॅग

फुकट मिळणाऱ्या वस्तूच्या वाटेला जाऊ नये, हे अहल्येला कोणी शिकवायला नको होतं. आवळा देऊन कोहळा काढणारे लोक तिने बेंगळूरच्या शिवाजीनगर बाजारात जन्मभर पाहिले होते. भाजीवाल्याने वरून दिलेली कोथिंबीरसुद्धा ती उलटीपालटी करून बघितल्याशिवाय पिशवीत टाकत नसे. तरी त्या रविवारी ती नवऱ्याला घेऊन, दोन बस बदलून, होसकोटेच्या रस्त्यावरच्या एका चकचकीत हॉटेलात गेली. कारण बक्षीस तिला लागलं नव्हतं, प्रणीतला लागलं होतं.

प्रणीत तिचा मुलगा. वयाने तिशीचा, समजेने सहा-सात वर्षांचा. सुपरमार्केटच्या दाराशी कूपन टाकायची काचेची पेटी असते, तिच्यात कागद टाकायला त्याला फार आवडे. या खेपेला पेटीवर चाकांची एक लाल बॅग ठेवली होती. प्रणीतने आपलं नाव मोठाल्या अक्षरांत लिहिलं, आईचा फोन नंबर त्याला पाठ होता तो खाली लिहिला, आणि आठवड्याच्या आत फोन आला. फोनवरची बाई म्हणाली, अभिनंदन, बॅग तयार आहे. फक्त नवरा-बायको दोघांनी मिळून यायचं, मुलांना आणायचं नाही, आमच्या सुट्टीच्या योजनेची थोडी माहिती ऐकायची, तासाभराचं काम. प्रणीतने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जिंकलं होतं. त्या दिवसापासून घरात येणाऱ्या प्रत्येकाला, दूधवाल्यालासुद्धा, तो बॅगची बातमी देत होता. आता ती न आणून चालणार नव्हतं.

प्रणीतला दिराच्या मुलीपाशी, संहितापाशी, ठेवून दोघं गेली. हॉलमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या अहल्येचं डोकं दुखायला लागलं. गाणी मोठ्याने लावलेली, जिकडे तिकडे गोल टेबलं, प्रत्येक टेबलाशी एक जोडपं आणि त्यांच्याशी लगट करणारा कंपनीचा कोणीतरी. मधूनच एक घंटा वाजे, अमक्यातमक्याचं कुटुंब सभासद झालं म्हणून कोणी ओरडे, आणि कंपनीची माणसं टाळ्या पिटत. दाराजवळच्या स्टँडवर ती लाल बॅग होती. अहल्येने ती आधी नजरेने मोजून घेतली. प्रणीतला ओढता येईल एवढीच होती.

तिचा नवरा सुधींद्र पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसातून रिटायर झालेला. माणूस इतका सज्जन की कोणी पाणी विचारलं तरी त्याला उपकारांचं ओझं व्हायचं. भीड भिकेची बहीण, हे अहल्या त्याला लग्नापासून ऐकवत आली होती, आणि तो तेही भिडेपोटी ऐकून घेई. तो खुर्चीच्या कडेवर बसून हळूच म्हणाला, "स्वल्प बसू, ऐकू, आणि बॅग घेऊन जाऊ."

तेवढ्यावरून त्यांच्या टेबलाशी आलेल्या मुलीने ओळखलं की ही मराठी माणसं. ती आनंदाने मराठीत बोलायला लागली आणि चक्क वाकून दोघांच्या पाया पडली. नाव प्रांजली, गाव सांगली, इथे एकटीच राहते, जेवण मिळतं पण घरच्यासारखं नाही, आणि काकू, तुमचं मराठी किती गोड आहे हो.

आता इथे अहल्येचं काय झालं ते समजून घ्यायला हवं, नाहीतर वाचणारा तिला भोळी म्हणेल. बेंगळूरच्या या जुन्या घराण्यांत मराठी उंबऱ्याच्या आतच बोलतात. पूर्वज इथे आल्याला तीन-चारशे वर्षं झाली. बाजारात कन्नड, बँकेत कन्नड, डॉक्टरकडे कन्नड. अहल्येने मुलाच्या तक्रारी जगाला कन्नडमध्ये सांगितल्या आणि रडली मात्र मराठीत, तेही घरात. त्यामुळे जो मराठी बोलतो तो घरचा, असा हिशेब तिच्या हाडात मुरलेला. परक्याच्या तोंडून ती भाषा आली की परकेपण आपोआप गळून पडे. कुठली गं तू, कोणाची, घरी कोण कोण, असं विचारता विचारता तिनेच सगळं सांगून टाकलं. सुधींद्रचं पेन्शन सांगितलं, आपण गेल्यावर प्रणीतचं कसं होईल म्हणून त्याच्या नावावर ठेवलेली ठेव सांगितली. कधी आमच्याकडे भात-सारू खायला ये, असंही सांगितलं.

आणि शेवटी गोकर्णाची गोष्ट सांगितली, जी तिने सख्ख्या जावेलाही सांगितली नव्हती. प्रणीत लहान असताना ते एकदाच समुद्रावर गेले होते. लाटा बघून त्याला इतका आनंद झाला की तो लॉजवर परत आल्यावरही किंचाळत राहिला. तसंच किंचाळतो तो आनंद झाला की, दुसरं काही येत नाही त्याला. शेजारच्या खोल्यांतल्यांनी तक्रार केली आणि लॉजवाल्याने दाराशी येऊन, खोली खाली करा, म्हणून सांगितलं. सामान घेऊन ती तिघं बसस्टँडवर बसून राहिली. त्यानंतर ती कुठेही गेली नाहीत. प्रणीत अजून समुद्र म्हणतो, आणि त्याचा आवाज चढला की अहल्या त्याच्या तोंडावर हात ठेवते.

प्रांजलीने डोळे पुसले. काकू, कॉफी आणते, म्हणाली आणि गेली.

कॉफी आली नाही. आला तो महांतेश, तिचा मॅनेजर. त्याने खुर्ची सुधींद्रच्या इतकी जवळ ओढली की दोघांचे गुडघे टेकले. तो कन्नडमध्ये बोलत होता, मऊ आवाजात. किंमत, हप्ते, पंचवीस वर्षं दर वर्षी समुद्राकाठी आठ दिवस, हे सगळं भराभर उरकून तो मुद्द्यावर आला. सर, प्रणीतला तुम्ही समुद्र एकदाच दाखवलात. बाप म्हणून तुम्हाला कधी वाटलं नाही? आमच्या जागेत तो कितीही ओरडला तरी कोणी काही म्हणणार नाही. तुमच्यानंतरही सभासदत्व त्याच्या नावावर राहील. आजच्या आज सही केली तरच हा भाव, उद्या मी काही करू शकणार नाही. ठेव मोडायला काय लागतं, आमचा माणूस सोमवारी तुमच्याबरोबर बँकेत येईल.

सुधींद्रचे डोळे भरून आले होते. अहल्या त्याला, नको, म्हणणार तोच महांतेश तिच्याकडे वळला आणि म्हणाला, "अम्मा, आमच्याकडे तुम्हाला कोणी खोली खाली करा म्हणून सांगणार नाही."

अहल्येच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचेच शब्द. तिने घरच्या भाषेत, घरच्या मुलीला म्हणून, खालच्या आवाजात सांगितलेले शब्द या माणसाने कन्नडमध्ये फिरवून तिच्यापुढे ठेवले होते, आणि तेही पोराच्या पुढच्या घासावर डोळा ठेवून. सुधींद्रने खिशातलं पेन काढलं होतं. तिने ते त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि मागे बघितलं. प्रांजली खांबाशी उभी होती.

"तुला मी ते विकायला दिलं होतं का गं?" अहल्येने मराठीत विचारलं.

मुलीचा चेहरा पडला. "काकू, आम्हाला सगळं वर सांगावंच लागतं," ती म्हणाली.

पोटासाठी करते बिचारी, असं एरवी अहल्येच्या मनात आलं असतं. आज आलं नाही. पोट सगळ्यांनाच असतं. हिने पाया पडून घेतलं होतं, रडून घेतलं होतं, आणि तेच डोळे घेऊन जाऊन चहाडी केली होती. असल्या रडण्यापेक्षा त्या लॉजवाल्याचं तोंडावर हाकलणं बरं होतं, असं तिला वाटलं.

मग तिने हॉलभर नजर टाकली, आणि मघापासून समोर असलेलं तिला आत्ता दिसलं. पलीकडच्या तमिळ जोडप्यापुढे तमिळ बोलणारा मुलगा होता. भिंतीकडच्या बंगाली म्हाताऱ्यांपुढे बंगाली मुलगी होती आणि ती म्हातारी तिचा हात हातात घेऊन काहीतरी सांगत होती. जो तो आपल्या माणसाशी बोलत होता. ज्याचा त्याचा गळ ज्याच्या त्याच्या आमिषाने सजवला होता.

अहल्या उभी राहिली. जन्मात तिने चार माणसांत आवाज चढवला नव्हता. आता तिने जो काढला तो गाण्यांच्या वर गेला. ती कन्नडमध्ये ओरडली की ऐका, तुमच्या भाषेतलं पोर तुमच्यापुढे बसवलंय, त्याला घरातलं काही सांगू नका. मुलांचं सांगू नका, आजार सांगू नका. तुम्ही रडत रडत सांगाल आणि हा माणूस येऊन तेच तुम्हाला विकत देईल. माझ्या लेकाचं दुःख याने आत्ता मला विकायला काढलं.

कोणीतरी गाणी बंद केली. महांतेश उठून, अम्मा, अम्मा, करत होता. सुधींद्रने तिचा पदर धरला. "अहल्या, लोक बघतायत," तो म्हणाला.

हे वाक्य ती ओळखून होती. तीस वर्षं या घरात ते प्रणीतला ऐकवलं गेलं होतं, बसमध्ये, देवळात, लग्नात. ती स्वतःही ऐकवत आली होती.

"बघू देत," ती म्हणाली.

बंगाली म्हातारीने आपली पर्स उचलली. आणखी दोन-तीन खुर्च्या सरकल्या. अहल्या तडक दाराशी गेली. तिथल्या टेबलावरच्या माणसाने घाईघाईने तिच्या हातात एक पाकीट दिलं. आत तीन रात्री मोफत राहण्याचं कूपन होतं, कर आणि जेवण वेगळं. बॅग नमुन्याची आहे, तो म्हणाला, ती द्यायची नसते. अहल्येने ते पाकीट त्याच्यासमोर फाडलं, स्टँडवरची बॅग उचलून खाली ठेवली, दांडी वर ओढली आणि महांतेशकडे वळून बघितलं.

"बक्षीस माझ्या मुलाने जिंकलंय. मला अडवायचं असेल तर या सगळ्यांसमोर अडव."

सगळा हॉल बघत होता. महांतेशने दारावरच्या माणसाला, जाऊ दे, अशी खूण केली.

परतीच्या बसमध्ये अहल्या बॅग गुडघ्याशी घट्ट धरून बसली. अहल्येचा राग उतरत नव्हता. ती त्या मुलीवर चिडली होती, नवऱ्यावर चिडली होती, आपल्या जिभेवर चिडली होती. आणि सगळ्यात जास्त चीड तिला याची येत होती की त्या लबाडाच्या शंभर खोट्यांत एक गोष्ट खरी होती. प्रणीतला समुद्र दाखवायला त्यांना कोणाचं सभासदत्व लागत नव्हतं. लोकांच्या भीतीने त्यांनीच त्याला कोंडून ठेवलं होतं.

घरी प्रणीतने बॅगवर झडप घातली. आतले चुरगळलेले कागद त्याने बाहेर फेकले आणि आतल्या खोलीत पळाला. थोड्या वेळाने तो बाहेर आला तेव्हा बॅगेत दोन शर्ट, पांघरूण आणि त्याचा स्टीलचा पेला होता. चपला घालून, दांडी धरून तो दारात उभा राहिला.

"समुद्र," तो म्हणाला, आणि आनंदाने किंचाळला.

समोरच्या घराची खिडकी उघडली. सुधींद्र सवयीने दार लावायला पुढे झाला. अहल्येचा हातही सवयीने प्रणीतच्या तोंडाकडे गेला, पण अर्ध्यावरून तिने तो मागे घेतला. दुपारी हॉलभर माणसांत ती स्वतः याच्याहून मोठ्याने ओरडली होती. त्याने तिचं काही बिघडलं नव्हतं.

"दार राहू द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "गोकर्णाच्या गाडीचं बघा. उद्याच्या."

सुधींद्रने दाराकडे नेलेला हात खाली घेतला. मग हळूच म्हणाला, "आणि तिथे परत खोली खाली करा म्हणाले तर?"

"म्हणू देत ना," अहल्या म्हणाली. "मी आहे."