शिडीवर कस्तुरा, कस्तुरावर छत्री

कस्तुराच्या पोटातलं लेकरू आडवं आलंय, हे सुईण बायनाबाईनं न्याहारीच्या वेळेला सांगितलं, आणि नेमका त्याच वेळेला भुतेवाडीत विकास आला. विकास जीपमधून आला होता. जीपच्या टपावर कर्णा होता आणि कर्ण्याशेजारी पक्षाची निशाणी म्हणून एक खरीखुरी बांबूची शिडी बांधलेली होती.

साल पंच्याऐंशी. निवडणूक तोंडावर होती. भुतेवाडीत पक्षांची लांबलचक नावं कुणी घेत नसे. एक शिडीवाले, एक छत्रीवाले.

कस्तुराचा बाप मुंजाजी या दोन्हींपैकी कुणाचाच नव्हता. त्याची थोडी कोरडवाहू जमीन होती आणि वीसेक मेंढरं. त्याचं बहुतेक बोलणं मेंढरांशीच व्हायचं. चार माणसांत तोंड उघडलं तर चुकून 'हर्र्र' निघेल, या भीतीनं तो पंगतीतसुद्धा मीठ मागत नसे. पण बायनाबाईनं हात धुतले आणि म्हणाली, "माझ्या हातात आता काईच न्हाई. गंगाखेडला न्या. दिवस मावळायच्या आत न्या." मग मुंजाजी उठला.

पहिलं बाळंतपण माहेरात, या रिवाजानं कस्तुरा वालूरहून सातव्या महिन्यात आली होती. पाठवताना तिची सासू म्हणाली होती, "धडधाकट धाडलीय, तशीच माघारी द्या." शेजारणीनं कढई उसनी दिली तरी इतकं बजावत नाही.

मारुतीच्या पारासमोर शिडीवाल्यांचा बन्सीधर माईकमध्ये आरोग्यावर बोलत होता. "गाव तिथं दवाखाना, दवाखाना तिथं डॉक्टर, डॉक्टर तिथं औषध." मुंजाजीनं त्याची बाही ओढली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. बन्सीधर मनानं वाईट नव्हता. शिवाय भाषणाला उदाहरण पाहिजे होतं. त्यानं लगेच जीप मुंजाजीच्या दारात लावली, मागच्या बाकावर गोधडी अंथरली, कस्तुराला आडवी केली आणि पुन्हा माईक हातात घेतला.

"बंधूंनो, शिडी नुसती बोलत न्हाई. ही आपली कस्तुराताई. लेकरू आडवं हाय. शिडी तिला घेऊन निघालीय. छत्रीवाले कुठं हायत?"

छत्रीवाले पाणंदीत होते.

भुतेवाडीतून डांबरीला जायला ही पाणंद एवढीच वाट. दोन्ही अंगाला पुरुषभर उंच बांध, वर घायपात आणि बाभळीचे फास, खाली एक बैलगाडी मावेल इतकी जागा. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर ज्याच्या बैलाला लाज असेल तो मागं सरायचा, असा गावचा कायदा. जीपबद्दल कायदा झालेला नव्हता.

अर्ध्या पाणंदीत दोन्ही जिपा नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या. छत्रीच्या जीपवर मांडवाएवढी काळी छत्री उघडून बांधली होती. तिच्या सावलीतून दत्तराव खाली उतरला. दत्तराव आणि बन्सीधर साडू होते. एका मांडवात दोघांची लग्नं लागली होती आणि त्या दिवशी मानाचा फेटा कुणाचा मोठा, यावरून जे सुरू झालं ते आता विधानसभेपर्यंत पोचलं होतं.

"साडू, गाडी मागं घ्या. बाई अडलीय," बन्सीधर म्हणाला.

"कोणती बाई?" दत्तराव म्हणाला. "तुमी परवा सभेत दुष्काळग्रस्त म्हणून जो म्हातारा रडवला, तो माझा चुलता होता. त्याला पंधरा एकर बागायत हाय."

तो जीपच्या मागं जाऊन वाकून बघू लागला. कस्तुरानं दात आवळून त्याच्याकडं बघितलं.

"काय बघायलाव? मोर हाय का?"

दत्तराव मागं सरला. "खरीच दिसायली," तो म्हणाला. पण जीप मागं घ्यायचं नाव काढीना. "मी मागं घेतली तर तुमी संध्याकाळी कर्ण्यावर सांगणार, शिडीनं छत्रीला मागं रेटलं."

"न्हाई सांगणार."

"शपथ घ्या."

"कुणाची?"

"मेव्हणीची."

"ती तुमची बायको हाय," बन्सीधर म्हणाला. "तिची शपथ मी कशी घेऊ?"

मुंजाजी दोघांच्या मधे उभा राहून एकदा याच्या तोंडाकडं, एकदा त्याच्या तोंडाकडं बघत होता. जीपमध्ये त्याची बायको कडूबाई पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी बायनाबाई. "अवो, सांगा की त्यायला," ती म्हणाली. मुंजाजीनं हात जोडले.

हात जोडलेला मतदार समोर दिसल्यावर दोघंही सवयीनं बोलायला लागले.

बन्सीधर म्हणाला, ही पाणंद आहे म्हणूनच ही वेळ आली. शिडीचं सरकार आलं की रोजगार हमीतून खडी पडेल, गावच्याच हाताला काम आणि गावालाच रस्ता. दत्तराव म्हणाला, हमीची खडी पहिल्या पावसात गंगेला मिळते, छत्री ठेकेदार नेमून पक्का रस्ता करणार. बन्सीधरनं विचारलं, ठेकेदार कोण, तुमचा भाचाच ना? दत्तराव म्हणाला, भाचा असला तरी इंजिनेर आहे. शिडी शेतीच्या पंपाचं बिल माफ करणार होती. छत्री बिल घेणार होती, पण वीज देणार होती. भुतेवाडीत अजून खांबच आले नव्हते, त्यामुळं यात मुंजाजीला डावंउजवं काही कळेना. शिडी गावागावात डॉक्टर ठेवणार होती. छत्रीचं म्हणणं, डॉक्टर खेड्यात टिकत नाही, त्यापेक्षा सुईणीला शिकवा.

"मला?" बायनाबाई म्हणाली. "आडवं लेकरू उभं करायचं शिकवणार का? आत्ताच शिकवा मग."

"ते सरकार आल्यावर."

"आन् त्या विद्यापीठाच्या नावाचं काय ठरलं?" बायनाबाईनं विचारलं. अठ्ठ्याहत्तरात तिच्या भावाचं घर त्याच पायी जळालं होतं.

दोघंही एकदम घायपाताकडं बघायला लागले. नामांतराचा ठराव होऊन सात वर्षं झाली होती. या विषयावर दोन्ही पक्षांचं धोरण समोर कोणती वस्ती आहे ते बघून ठरायचं, आणि पाणंदीत वस्तीच नव्हती.

कस्तुरा ओरडली. पाणंदीतली पाखरं उठली.

तेव्हा मुंजाजीच्या तोंडून आवाज निघाला. त्याला भीती होती तसाच निघाला. "हर्र्र्र," तो दत्तरावाच्या जीपसमोर हात फिरवून ओरडला. "हर्र. मागं. मागं."

छत्रीच्या जीपचा ड्रायव्हर पाशाभाई इतका वेळ स्टेअरिंगवर डोकं टेकून बसला होता. तो खाली उतरला आणि दत्तरावापुढं मान खाली घालून उभा राहिला.

"पाटील, एक बात बोलूं क्या? इस गाडी को रिवर्सच नइ है."

"म्हंजे?"

"पडताच नइ. तुमने किराये से ली तबसेच नइ है. मालक बोला, इलेक्शन में पीछे जानाच किधर है."

आठ दिवस ही जीप सगळ्या मतदारसंघात फक्त पुढंच गेली होती. पाशाभाई वळायला जागा असेल अशाच गावात प्रचाराला नेत होता, आणि छत्रीचा मोठ्या गावांवर भर आहे असं वर्तमानपत्रात छापून आलं होतं.

"मग माझीच मागं घेतो," बन्सीधर म्हणाला. पण त्याची जीप मागं गेली तर भुतेवाडीतच पोचणार होती. तिथून छत्री आत घ्यायची, वळवायची, मग पुन्हा सगळ्यांनी निघायचं. त्यानं ते करायला घेतलंही. जीप दोन हात मागं गेली, मागचं चाक बांधाच्या चारीत उतरलं आणि तिथंच फिरत राहिलं. आता पाणंदीत दोन जिपा होत्या. एकीला मागं जाता येत नव्हतं, दुसरीला कुठंच.

मुंजाजीनं वर बघितलं. टपावर शिडी होती. तो टपावर चढला आणि दोर सोडायला लागला.

"मुंजाजीबा, ती पक्षाची हाय," बन्सीधर म्हणाला.

मुंजाजीनं ऐकलं नाही. शिडी खाली आली. तिच्यावर गोधडी टाकली, गोधडीवर कस्तुराला निजवलं आणि 'आपलाच माणूस' असं लिहिलेल्या दोन कापडी फलकांनी तिला बांधलं. दोन्ही जिपांच्या बॉनेटवरून शिडी हातोहात सरकवत पलीकडं काढली. ऊन टळटळत होतं, म्हणून बायनाबाईनं छत्री सोडून घेतली आणि ती धरून शिडीच्या बाजूनं चालायला लागली. पुढं मुंजाजी आणि बन्सीधर, मागं दत्तराव आणि पाशाभाई. कडूबाई धडुत्यांचं बोचकं घेऊन सगळ्यात मागं.

शे-दीडशे पावलं गेली. मग बन्सीधर म्हणाला, "लांबून बघणाराला छत्री वर आन् शिडी खाली दिसंल."

"मग काय, शिडी वर धरून बाईला छत्रीत घालायची का?" मागून दत्तराव म्हणाला.

"खरं वजन शिडीवर हाय, एवढंच म्हणालो."

"तुमचं सगळं खालीच असतंय. पाण्याचं बी तसंच. म्हणं बोअर पाडू. आमी टाकी बांधून वरून नळ देणार."

"टाकीत पाणी कुठून आणणार, छत्री उलटी धरून?"

"मेल्यांनो," शिडीवरून कस्तुरा म्हणाली, "एकानं तरी पाणी पाजा."

कडूबाईनं तिला घोटभर पाणी पाजलं. पुन्हा शिडी उचलली. मुंजाजीला वाटत होतं, यांच्या तोंडात माती कोंबावी. पण खांद्यावर शिडी होती आणि हात मोकळे नव्हते. दोघं साडू रेशनच्या ज्वारीवर आले. ज्वारीवरून हुंड्यावर आले. हुंडा बंद करू असं दोघंही म्हणाले, तेव्हा कस्तुरानं त्यांच्या लग्नात कुणी काय घेतलं होतं ते विचारलं. बन्सीधरला सायकल मिळाली होती. दत्तरावाला सायकल आणि रेडिओ. बन्सीधरला ही रेडिओची गोष्ट आजच कळली. मग दत्तरावानं कुटुंबनियोजनाचा विषय काढला.

"मला आता उतरून मारता येईना," कस्तुरा म्हणाली, "म्हणून बोलून घ्यायलाव."

पाणंद संपली. पुढं खुली काळी रानं, आणि डांबरी अजून लांब. कस्तुराचा आवाज बारीक होत गेला. मग ती बोलेनाशी झाली.

"कळ थांबली वाटतं," बन्सीधर हळू आवाजात म्हणाला. "आराम पडला."

तीन वर्षांमागं मुंजाजीची थोरली लेक, सुला, अशीच याच वाटेनं बैलगाडीतून चालली होती. ती गप झाली तेव्हा मुंजाजीनंही हेच म्हटलं होतं, आराम पडला. झोप लागली असेल म्हणून त्यानं बैल हळू हाकले होते. गाडीला गचका बसू नये म्हणून. डांबरीला पोचेपर्यंत तिचे हात गार झाले होते.

"बोला," मुंजाजी म्हणाला.

"काय बोलू?"

"हेच. तुमचं. भांडा. ती गप पडायली. भांडा लवकर."

दोघं घाबरले. "शिक्षण राहिलंय," दत्तराव म्हणाला. "आमी पोरींना फुकट शिक्षण देणार." "आमी वसतिगृह बी देणार," बन्सीधर म्हणाला. "आमी सायकल देणार." "रेडिओ बी द्या," बन्सीधर म्हणाला. शिडीवरून हूं की चूं नाही. बायनाबाईनं नाकासमोर हात धरला. "हाय," ती म्हणाली. "जरा जरा हाय. चला."

ते पळायला लागले. पळता पळता दोन्ही पक्षांची धोरणं संपली. मग ते नवीन करायला लागले. शिडीनं प्रत्येक बाळंतिणीला म्हैस दिली. छत्रीनं म्हैस आणि गडी दिला. शिडीनं सासूला तीन महिने तुरुंगात टाकायचा कायदा केला. छत्रीनं सहा महिने. मुंजाजीला धाप लागली होती, तरी तो पुढून ओरडत होता, "मोठ्यानं. मोठ्यानं बोला."

डांबरीला आले तेव्हा उसाचा एक ट्रक गंगाखेडवरून कारखान्याकडं चालला होता. ड्रायव्हरनं लांबूनच छत्री बघितली, शिडी बघितली, फलक बघितले. "वर्गणी न्हाई, मत देतो," असं खिडकीतून ओरडत तो निघून गेला.

कडूबाई मटकन खाली बसली. मुंजाजीनं बायनाबाईच्या हातातून छत्री घेतली आणि बांधापलीकडं फेकली. फलक फाडून काढले. दत्तरावाची टोपी आणि बन्सीधरचा बिल्ला काढून खिशात कोंबला. मग तो डांबरीच्या मधोमध आडवा निजला. हे काम बोलल्याशिवाय करता येत होतं.

दुसऱ्या ट्रकनं त्याच्यापासून हातभर अंतरावर ब्रेक मारला. ड्रायव्हर शिव्या देत उतरला, शिडीवरचं बघून त्यानं केबिनचं दार उघडून दिलं. कस्तुरा आत निजली, बायनाबाई आणि कडूबाई तिच्याभोवती दाटून बसल्या. मुंजाजी पायरीवर लोंबकळला. पाशाभाई जिपांकडं परत निघाला.

"बरं, आमी येतो मग," दत्तराव म्हणाला.

"कुठं येता?" मुंजाजी म्हणाला. "वर चढा. उसावर. दोघं बी."

"अवो मुंजाजीबा, आमच्या सभा..."

"चढा म्हणलो ना."

साडू चढले. ट्रक निघाला. दोघं उसाच्या मोळ्यांवर पालथे पडले आणि केबिनच्या टपावरून डोकी खाली सोडली, एकजण या खिडकीत, एकजण त्या खिडकीत. वाऱ्यानं त्यांचे डोळे मिटत होते. उसाची पात कानात जात होती.

"शिडीचं सरकार आलं की," बन्सीधर ओरडला, "भुतेवाडीला रेल्वे थांबणार."

कस्तुराची मान ट्रकच्या हादऱ्यानं नुसती हलत होती. कडूबाई तिचे गाल चोळत होती. मुंजाजी एका हातानं दांडी धरून दुसऱ्या हातानं तिचा तळवा दाबत होता. तळवा गार आहे की आपलाच हात गार पडलाय, हे त्याला कळत नव्हतं.

"छत्रीचं आलं की," पलीकडून दत्तराव ओरडला, "विमान. रोज सकाळी. भुतेवाडी ते वालूर."

तळवा जरासा हलला. कस्तुराचे ओठ हलले. मुंजाजीनं दारातून डोकं आत घालून तिच्या तोंडाशी कान नेला, आणि मग मान वर करून जन्मात कधी ओरडला नव्हता इतक्या जोरानं ओरडला:

"खोटं हाय म्हणायली. आणखी सांगा."