दाराआडची आई

सूत कातायच्या चाकाच्या पायटीवर पाय असल्याशिवाय ओटिलियाच्या तोंडून गोष्ट निघत नसे. श्वाल्म नदीकाठच्या त्या गावात बायका जवसाचं सूत कातता कातताच गोष्टी सांगत. धागा तुटला की गोष्ट थांबे, सांधला की पुढे निघे. पण तिच्यासोबत कातायला बसणाऱ्या एकेक करून मातीआड गेल्या, आणि आता कितीतरी हिवाळे तिचं चाक एकटंच घरघरत होतं.

म्हणून शहरातला यूलियुस वही घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा तिनं त्याला शेगडीजवळची उबदार जागा दिली. जुन्या गोष्टी गोळा करून तो पुस्तक काढणार होता.

“कोणे काळी काही नव्हतं, भूक तेवढी होती,” तिनं चाक फिरवलं. “आणि होती एक आई, एक लेक. आईनं लेकीला रिकामी पिशवी दिली. म्हणाली, जा गिरणीवर, पीठ माग. लेक गेली, रिकामी आली. दुसऱ्या दिवशी गेली, रिकामी आली. तिसऱ्या दिवशी गेली…”

“आजी, तेच तेच तीनदा कशाला? एकदाच लिहितो.”

“शहाणाच आहेस. आधी दोनदा आईनं दार उघडलेलं सांगितलं नाही, तर तिसऱ्यांदा बंद झालेलं कुणाला दुखेल?”

यूलियुस हसला आणि त्यानं तिन्ही वेळा लिहिलं.

“तिसऱ्या दिवशी परत आली, तर घराच्या दाराला आतून अडसर. लेक म्हणते,

आई गं, उघड दार, पाय बर्फानं फुटतो

आतून आई म्हणते,

जा गं लेकी तिथं दूर, जिथं चुलीचा धूर उठतो.”

यूलियुसची लेखणी थांबली. “मग?”

“आधी लिहिलंस ते वाच बघू. मला कुठं अक्षर येतंय.”

तो वाचू लागला, “एक होती सावत्र आई…”

चाक थांबलं, धागा तुटला.

“सावत्र कुठून आणलीस?”

“पुस्तक लहान मुलांच्या हाती जाणार, आजी. सख्खी आई असं करते म्हटल्यावर पोरं झोपतील का?”

“सावत्र म्हटलं की तुझं काम सोपं. वाईट बाई, वाईट वागली, संपलं. मग ती दाराआड रडत का होती?”

“रडत होती? हे तुम्ही सांगितलंच नाही.”

“गोष्टीत नाही ते. मी बाहेर उभी होते, मी ऐकलं.” तिनं तुटका धागा बोटाला गुंडाळला. “सात वर्षांची होते. लांबच्या गावी गुरं राखून पोट भरलं. वसंतात परत आले तर घरात दुसरेच लोक. तिचं थडगं नाही, चिंधी नाही. या गोष्टीत आहे तेवढीच माझी आई.”

यूलियुसनं वहीतला ‘सावत्र’ शब्द खोडला.

“मी खोडलाय. पण छापणारे परत घालतील, आजी. तुम्हाला खोटं कसं सांगू?”

“मग पुढचं राहू दे, लेकरा.”

“अर्धी गोष्ट कोण छापेल?”

“कुणीच नको छापायला.”

त्यानं पान फाडून तिच्या मांडीवर ठेवलं, टोपी घातली, आणि तो निघून गेला. बर्फात त्याची पावलं फाटकापर्यंत वाजली.

ओटिलियानं धागा सांधला. “मग लेक धुराच्या दिशेनं चालत राहिली,” ती म्हणाली आणि सवयीनं थांबली. हुं म्हणायला कुणी नव्हतं. तरी ती पुढचं सांगू लागली.